‘जावा: कोर्ट गामेलान’: समेची सवय असलेल्या कानांनी ऐकताना

गामेलान म्हणजे इंडोनेशियातील, प्रामुख्याने धातूच्या घंटा आणि पट्ट्यांचा वाद्यवृंद. जावा बेटावरच्या अशा राजदरबारी वृंदाची, ‘नॉनसच’ कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ मालिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेली ‘जावा: कोर्ट गामेलान’ ही ध्वनिमुद्रिका आज स्ट्रीमिंगवर सहज ऐकता येते. वादन योग्यकार्ता येथील पाकुआलामान राजवाड्याच्या वृंदाचे, नेतृत्व के. आर. टी. वसितोदिपुरो यांचे आणि ध्वनिमुद्रण अमेरिकी संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांचे आहे. हिच्यातील ‘पुस्पवर्ना’ ही पहिली रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर आहे. त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि तिची शिफारस करणारेही ब्राउनच होते. केसरबाईंचे गाणे जाणकारीने ऐकणाऱ्या मराठी रसिकाने ‘पुस्पवर्ना’ही तितक्याच गांभीर्याने ऐकावी, असे मला मनापासून वाटते.

अडचण पहिल्याच मिनिटाला येते. तंबोऱ्याचा आधारस्वर कुठेच नाही. स्लेन्द्रो या स्वररचनेत सप्तकाचे साधारण सारख्या अंतराचे पाच भाग असतात, त्यामुळे आपल्या गांधार-पंचमाच्या जागी कान जातो आणि तिथे नेमका तो स्वर सापडत नाही. शिवाय प्रत्येक वाद्यसंचाचे स्वर त्याचे स्वतःचे असतात आणि एका संचातले वाद्य दुसऱ्या संचात सहसा चालत नाही. ‘हे बेसूर आहे’ असा शेरा इथे पटकन सुचतो, पण तो आपल्या षड्ज-पंचमाला धरून दिलेला असतो. हे वादक कशाशी जुळवून घेत आहेत, याचा त्यात विचारच झालेला नसतो.

याहून मोठी फसगत तालात होते. ‘पुस्पवर्ना’ ही केतावांग प्रकारची रचना असून तिचे एक आवर्तन सोळा मात्रांचे आहे. सोळा मात्रा म्हटल्यावर आपण नकळत त्रितालासारखी समेची वाट पाहू लागतो आणि सम पहिल्या मात्रेवर शोधतो. इथे मात्र सर्वांत मोठी घंटा, म्हणजे गाँग, सोळाव्या मात्रेवर वाजते. सगळे वजन आवर्तनाच्या शेवटी आहे, त्यामुळे संगीत एका ठिकाणाहून निघण्याऐवजी एका ठिकाणी पोहोचत राहते. गाँगचा आघात झाल्यावर त्याचा खर्ज नाद लाटेसारखा हेलकावतो आणि त्या लाटेवरच पुढचे आवर्तन सुरू होते. आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर केनोंग या वाद्याचा आघात होतो, तेवढा धरून बसले तरी पुरे. काही आवर्तनांनंतर पुरुषांचे समूहगायन कोणत्या ओढीने शेवटाकडे जाते, हे आपोआप जाणवू लागते.

या मुद्रिकेचे खरे मोल मला ‘तेजनाता’ या दीर्घ रचनेत दिसते. सारोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर वाजणारी मूळ स्वरावली इतकी संथ होते की ती थांबल्याचा भास व्हावा, पण ती निम्म्या गतीवर येताच बोनांग आणि गेंदेर ही वाद्ये तिच्या दोन स्वरांमधली जागा दुप्पट दाट विणीने भरून काढतात. अतिविलंबित एकतालात एका मात्रेच्या पोटात चार मात्रा मोजणाऱ्या श्रोत्याला ही किमया परकी वाटू नये. हे सारे केंदांग हा ढोल वाजवणाऱ्याच्या इशाऱ्यावर घडते. गती बदलताना एवढा मोठा वृंद एकजिवाने सावकाश होतो, ते अनेकदा ऐकूनही माझे समाधान झालेले नाही.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात द्यब्युसी या फ्रेंच संगीतकाराने जावा बेटावरचे गामेलान ऐकले आणि तो भारावला, हे नेहमी सांगितले जाते. २०२१ साली युनेस्कोनेही गामेलानची नोंद आपल्या वारसा-यादीत केली. पण अशा प्रशस्तिपत्रांवरून थोरवी ठरवणे हा आळस आहे, आणि अपरिचित ते सारे महान असे मानणे हा त्याच आळसाचा दुसरा प्रकार आहे. एकाच शैलीतल्या दोन रचनांपैकी डावी कोणती हे कारणासहित सांगता येऊ लागले, की आपल्या मताला वजन येते. माझ्या मते शेवटची ‘हुदान मास’ ही ‘तेजनाता’पुढे डावी आहे. पाहुण्यांना निरोप देताना वाजवायची ही रचना तडफदार असली तरी तिची आवर्तने आखूड आहेत आणि त्या वेगात स्वरांमधल्या विणकामाला फारसा अवकाश उरत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगायला हव्यात. मोबाइलच्या स्पीकरवर गाँगचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मग आवर्तनाचा शेवटच हरवतो, म्हणून चांगला हेडफोन किंवा मोठा स्पीकर आवश्यक आहे. स्ट्रीमिंगवर सोबतची माहितीपुस्तिका मिळत नाही, ही नवख्या श्रोत्याची खरीखुरी गैरसोय आहे. जुनी तबकडी किंवा सीडी मिळत असेल तर तीच घ्यावी. सुरुवात ‘पुस्पवर्ना’पासून करावी, ती लागोपाठ दोनदा ऐकावी आणि ‘तेजनाता’साठी मोकळा वेळ राखून ठेवावा.