लघवीची नळी: राहू द्यावी की काढावी?
ऑपरेशननंतर नळी राहू दिली की सोय वाटते. पेशंटला उठायला नको, सिस्टरला भांडं द्यायला नको. पण प्रत्येक जादा दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. मग थंडी वाजून ताप, कल्चर (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी), शिरेतून अँटिबायोटिक, बेडचे वाढीव दिवस. विमा नसेल तर हे सगळं घरच्यांच्या खिशातून! अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १ ऑक्टोबर २००८ पासून अशा संसर्गाचे जादा पैसे रुग्णालयांना देणं थांबवलं.

नळी लवकर काढायला सामान काहीच लागत नाही, माणूस लागतो: रोज राउंडला "हिची अजून गरज आहे का?" असं विचारणारा, रात्री हाकेला भांडं घेऊन येणारा. लघवी अडलेली नसेल तर मी हाच पर्याय धरीन.