क्रोशाचा नऊ सुयांचा संच: घरात पास, बागेत निम्माच

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळणारा क्रोशाचा संच बहुतेकांनी पाहिलेला असतो. चेनची पिशवी, 2 ते 6 मिमीच्या रबरी मुठीच्या नऊ अॅल्युमिनियम सुया, प्लास्टिकच्या खुणेच्या पिना, बोथट सुया, छोटी कात्री आणि लोकरीचे चार-पाच चिमुकले गुंडे. इथं तो एकाच कामासाठी तपासला आहे. हुतात्मा बाग असो की जुळे सोलापुरातलं कॉलनीचं उद्यान, लेकरं घसरगुंडीवर असताना बाकावर मिळणारा पाऊण तास त्यानं सत्कारणी लागतो का? त्यासाठी दोनच गोष्टी बघायच्या: न बघता विणता येतं का, आणि हातातलं टाकून तडक उठता येतं का.

तडक उठण्याच्या दुसऱ्या परीक्षेत क्रोशा दोन सुयांच्या विणकामाला सहज हरवतो. स्वेटरच्या सुईवर अख्खी ओळ उघडी असते. घाईत सुई निसटली की घरं, म्हणजे सुईवरचे फंदे, खालपर्यंत उसवतात. क्रोशात उघडं घर एकच. त्यात खुणेची पिन अडकवली की काम मांडीवरून खाली पडलं तरी एक टाकाही जात नाही. बाकीची कामं बागेत तितकीशी जमत नाहीत. मेथी निवडायला घेतली की नजर काड्यांवरच खिळते. शेंगा फोडल्या तर टरफलं वाऱ्यानं शेजारच्या बाकावर. लसूण सोलला तर परतताना लेकरू हात धरायला तयार होत नाही. आणि मोबाईल तर डोळे आणि कान दोन्ही एकदम घेऊन जातो, त्यामुळे तो या स्पर्धेत धरलेलाच नाही.

आता संच. नऊपैकी कामाला येतात त्या 3.5 आणि 4 मिमीच्या सुया. 2 मिमीची बारीक सुई बागेत नकोच, तिच्या टाक्यावरून नजर हलवता येत नाही. स्वस्त संचाचा नेहमीचा दोष सुईच्या टोकाच्या आकड्यात, म्हणजे हुकात, असतो: साच्याची कड राहिलेली असते आणि दर टाक्याला दोरा फाटतो. 600 नंबरचा पॉलिश पेपर आकड्याच्या आतून दहा-बारा वेळा फिरवला की कड जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात रबरी मूठ घामानं सैल होऊन सुईभोवती गरगर फिरते. ती काढून सुई कोरडी पुसायची, दांड्याला सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे घट्ट द्यायचे आणि मूठ परत चढवायची. मुठीवरचे छापलेले मापाचे अंक घासून जातात, म्हणून घेतल्या दिवशीच 4 मिमीवर नेलपॉलिशचा एक ठिपका आणि 3.5 वर दोन द्या.

सोबतची लोकर अॅक्रिलिकची असते. एप्रिल-मेमध्ये ती घामेजल्या बोटांना चिकटते आणि ताण बिघडतो. तिच्याऐवजी 8 प्लायचं, म्हणजे मध्यम जाडीचं, सुती सूत घ्या, तेही फिक्या रंगाचं. मेमध्ये इथं सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या आतच. संधिप्रकाशात काळ्या-निळ्या सुताचं घर सापडत नाही आणि मान खाली जाते ती वर येत नाही.

विणायचं काय? भांडी पुसायचा चौकोन. गोल नको, त्यात दर फेरीला टाके वाढवताना मोजावं लागतं. 4 मिमीच्या सुईनं 31 साखळ्या घालायच्या, दुसऱ्या साखळीपासून 30 मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके. रुंदी 17-18 सेंटिमीटर भरते आणि 33-34 ओळींत चौकोन होतो. साखळी आणि पहिल्या दोन ओळी मात्र घरीच, दिव्याखाली. त्या ओळींत घर शोधावं लागतं, पुढं बोटालाच ते कळायला लागतं. सराव असेल तर अधूनमधून थांबून पाऊण तासात आठ-नऊ ओळी होतात, म्हणजे चार संध्याकाळी एक चौकोन.

न बघता विणताना चूक होते ती काठावर. ओळीचा शेवटचा टाका सुटतो, पुढच्या ओळीत आणखी एक, आणि चौकोनाचा हळूहळू त्रिकोण होतो. उपाय सोपा आहे: ओळीच्या पहिल्याच टाक्यात पिन लावायची. परत येताना बोटाला पिन लागली की त्या टाक्यात विणायचं आणि वळायचं. संचातल्या पिना प्लास्टिकच्या असल्यानं बिजागरीत तुटतात; दोन-तीन जास्तीच्या जवळ ठेवा.

चेनची पिशवी मांडीवर उघडी ठेवली तर उठताना नऊच्या नऊ सुया मातीत. तिला घरीच राहू द्या. एक सुई, एक गुंडा आणि चार पिना डब्याच्या कापडी पिशवीत घाला आणि पिशवीच्या नाडीतून फक्त दोरा बाहेर काढा, म्हणजे गुंडा गडगडत नाही. मांडीवर साधं सुती फडकं घ्या. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण टेरी टॉवेलच्या फंद्यांत आकडा अडकतो आणि टॉवेलचाच धागा ओढला जातो. कात्री घरीच ठेवा. दोरा कापायची वेळ चौथ्या संध्याकाळीच येते.

एवढं करूनही काही वेळा सुई पिशवीतच राहायला हवी. चार-पाच वर्षांखालचं मूल शिडी चढत असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर उभं हवं, बाकावर नाही. मुलीच्या गळ्यात ओढणी असेल किंवा टोपीला नाडी असेल तर घसरगुंडीआधी काढून ठेवा, ती कठड्यात अडकते. पत्र्याची घसरगुंडी ऊन कलल्यावरही तापलेली असते. आधी हाताची मागची बाजू टेकवून बघा, मगच लेकराला वर जाऊ द्या. आणि सुई अंबाड्यात किंवा कानामागे खोचायची सवय इथं मोडा. लेकरू धावत येऊन गळ्यात पडतं तेव्हा ती बरोबर त्याच्या डोळ्याच्या उंचीला येते.

घरी भरपूर विणणाऱ्यांसाठी संच पैसा वसूल आहे. फक्त बागेसाठी हवा असेल तर लोकरीच्या दुकानातून 4 मिमीची एक सुटी सुई आणि सुताचा 50 ग्रॅमचा एक गुंडा घ्या, त्यात एक चौकोन होऊन सूत उरतं. सुई घेताना आकड्याच्या आतून नख फिरवा. नख अडलं तर दुसरी मागा.