बँकॉकला जाताय तर ख्लोंग तोईची वॉकिंग टूर करा

मागच्या महिन्यात बँकॉकला फॅमिलीसोबत गेलो होतो, तेव्हा ख्लोंग तोईची अर्ध्या दिवसाची वॉकिंग टूर घेतली. बंदराला लागून असलेली मोठी झोपडपट्टी आहे ही, आणि खरं सांगतो, बुक करताना मन खात होतं की पैसे देऊन लोकांची गरिबी काय बघायची. पण गाईड त्याच वस्तीत वाढलेली, तिने पहिल्या पाच मिनिटांत मोबाईल बॅगेत ठेवायला लावले, घरांचे-माणसांचे फोटो नाहीत म्हणजे नाहीत. तिथेच टूर आवडली.

सगळी टूर प्रतीप उंगसोंगथाम हाता या बाईंच्या गोष्टीवर आहे, तिकडे सगळे ख्रू प्रतीप म्हणतात. ख्रू म्हणजे आपला गुरूच, आणि प्रतीप म्हणजे प्रदीप, दिवा! १९५२ साली इथेच जन्म, जन्मदाखला नाही म्हणून सरकारी शाळेत प्रवेश नाही, मग लहानपणीच फटाके पॅक करायचे, जहाजांचा गंज खरवडायचा, त्यातून पैसे साठवून रात्रशाळा शिकली. आणि १९६८ मध्ये, सोळाव्या वर्षी, घरातच वस्तीतल्या पोरांची शाळा काढली, फी दिवसाला एक बाट (थायलंडचं चलन). माझी मुलगी सातवीत आहे, तिने गाईडला विचारलं, कागद नाही म्हणून शाळा नाही, असं कसं? गाईड थांबून तिच्याशी बराच वेळ बोलली, फार छान वाटलं.

शाळेला सरकारी मान्यता मिळायला १९७६ उजाडलं. १९७८ ला बाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला (पुढच्याच वर्षी आपल्या जामखेडच्या आरोळे दांपत्याला मिळालं), त्या पैशातून दुआंग प्रतीप फाउंडेशन सुरू केलं.

तक्रार एकच, राजकारणाचा भाग दोन वाक्यांत उरकला. १९९२ च्या मे महिन्यात लोकशाहीसाठी लोक रस्त्यावर उतरले त्यात बाई पुढच्या फळीत होत्या, आणि २००० साली थायलंडमध्ये सिनेट पहिल्यांदा मतदानाने निवडलं गेलं तेव्हा बँकॉकमधून निवडून आल्या. अहो, जिच्याकडे जन्मदाखला नव्हता ती देशाचे कायदे होतात तिथे जाऊन बसली, यावर अर्धा तास तरी द्या ना!

बाकी पाचपैकी साडेचार. सकाळची बॅच घ्या, दुपारी गल्ल्यांमध्ये फार घामटं निघतं, आणि बूट घाला, मार्केटमध्ये खाली सगळं ओलं असतं.