डोक्यातला पसारा आवरायला कोणतं एआय?

माझ्या फोनमध्ये ‘महत्त्वाचं’ या नावाच्या सात नोट्स आहेत. आठवीचं नाव ‘महत्त्वाचं – नवीन’. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही अशा मेंदूच्या ठेवणीचं, निदान अडतिसाव्या वर्षी झालं. तोवर घरचं निदान ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हेच होतं. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, चॅटजीपीटी घेऊ, नोशन घेऊ, की ते मिरच्यांवालं? उत्तर एका दमात देता येत नाही, कारण प्रत्येकाची गळती वेगळ्या ठिकाणी असते.

एडीएचडीत कल्पना कमी नसतात, ओटा कमी पडतो. चार गोष्टी एका वेळी मनात धरून त्यांची मांडामांड करायची जी जागा, म्हणजे वर्किंग मेमरी, ती चटकन भरते आणि पाचवं पातेलं ठेवायला जावं तर पहिलं खाली पडतं. कुणाचं सुचल्या क्षणीच पडतं. कुणी सगळं लिहून ठेवतं, पण क्रम लागत नाही. कुणाला क्रम लागतो, हात हलत नाही. आणि माझ्यासारख्यांना नीट लावून ठेवलेलं परत उघडायचंच सुचत नाही. आपलं दुखणं यातलं कोणतं, ते आधी ठरवा.

गेल्या भाद्रपदात मी एक प्रयोग केला. जीबोर्डचं (फोनमधल्या गूगलच्या कीबोर्डचं) मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून चार मिनिटं अखंड बडबडले. त्यात दिवाळी अंकाचा रखडलेला लेख होता (विषय: आजीची पाककृतींची वही), अॅडव्हान्स टॅक्सचा १५ सप्टेंबरचा हप्ता, आईच्या गुडघ्याचा एक्स-रे, गॅसचा नंबर लावणं, मावशीने त्या वहीबद्दल सांगितलेली एक आठवण, आणि मध्येच उपटलेली पॉडकास्टची कल्पना. विरामचिन्हं नसलेला तो मजकूर घेऊन मी एकेका साधनाकडे गेले.

गॉब्लिन टूल्स

मिरच्यांवालं ते हेच. बेल्जियमच्या एका प्रोग्रॅमरने बनवलंय, वेबसाइटवर फुकट वापरता येतं. त्यातलं ‘कंपायलर’ बडबडीतून कामांची यादी काढतं, आणि ‘मॅजिक टू-डू’ एका कामाचे तुकडे पाडतं. त्यातली मिरच्यांची चिन्हं वाढवली की तुकडे आणखी बारीक होतात. गॅस, टॅक्स, एक्स-रे यांसाठी मला याहून सोपं काही सापडलं नाही. ‘आईचा एक्स-रे’ हे काम मी तीन आठवडे टाळत होते. पहिली पायरी ‘जुनी फाइल शोधणे’ अशी समोर आली तेव्हा कळलं की अडलं होतं तिथेच, फाइल कुठेय तेच माहीत नव्हतं.

याची जमेची बाजू म्हणजे ते गप्पा मारत नाही. पण मावशीची आठवण हे ‘काम’ नाही, त्यामुळे तिचं काय करायचं हे अशा यादीला ठाऊक नसतं. विचारांना विचार जोडून देणं हा त्याचा धंदाच नव्हे. यादी झाल्यावर हात हलत नसेल, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी

या तिघा चॅटबॉटांना, म्हणजे गप्पा मारत उत्तरं देणाऱ्या एआयना, मी एकाच रांगेत बसवते. पसारा लावण्याच्या कामात त्यांच्यातला फरक आपण काय सांगतो त्याच्या फरकापेक्षा लहान आहे. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मध्येच विषयांतर, सगळं त्यांना कळतं. क्रम न लागणाऱ्यांसाठी हे खरोखर मोठं सुख आहे: ज्याच्यापुढे आपण तेच ते तीनदा बोललो तरी डोळे फिरवत नाही असा श्रोता मिळतो.

पण मोकळं सोडलंत तर पसारा वाढतो. ‘लेखाचे मुद्दे लाव’ म्हटलं की आपले पाच मुद्दे आणि त्याचे नऊ, असं ताट पुढे येतं. ते इतकं नीटनेटकं दिसतं की लेख झालाच असं वाटून मी उठून चहा टाकते. वर शेवटी ‘हवं असल्यास पॉडकास्टचा आराखडाही देऊ का?’ असा गळ. आपल्याकडे मासा तयारच असतो. एका रात्री दीड वाजेपर्यंत मी न काढलेल्या पॉडकास्टची नावं ठरवत बसले होते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्या प्रयोगात एका चॅटबॉटने मावशीची आठवण गुपचूप गाळली. यादी सुबक होती म्हणून मला दोन दिवस पत्ता लागला नाही, आणि लेखाचा जीव नेमका त्या आठवणीत होता: आजीने वहीत मिठाचं प्रमाण मुद्दाम लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी काम दोन टप्प्यांत करून घेते. आधी फक्त क्रमांक: ‘मी बोलले त्यातली प्रत्येक गोष्ट माझ्याच शब्दांत, क्रमांक देऊन लिही. काही जोडू नकोस, एकत्र करू नकोस.’ ती यादी मी डोळ्यांखालून घालते. मग: ‘आता यांचे जास्तीत जास्त चार गठ्ठे कर. न बसणारं “उरलेलं” म्हणून खाली ठेव. पुढे काय करू असं विचारू नकोस.’ या सूचना दर वेळी टाइप करायला लागल्या तर तिसऱ्या दिवशी आपण त्या सोडून देणार, हे ठरलेलं. म्हणून त्या चॅटजीपीटी किंवा क्लॉडच्या ‘प्रोजेक्ट’मध्ये, जेमिनी असेल तर ‘जेम’मध्ये एकदाच टाकून ठेवा.

औषधं, ऑफिसची भांडणं, कुणाची नावं हे सगळं बडबडीत सहज येतं. सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या गप्पा एआयच्या प्रशिक्षणाला वापरायच्या की नाही ते बघा, आणि ऑफिसचे कागद देऊच नका.

नोटबुकएलएम

गूगलचं हे साधन रोजच्या बडबडीसाठी कामाचं नाही. वर्षभर साठलेल्या चिंध्यांसाठी आहे. पीडीएफ, जुन्या नोट्स, रेकॉर्डिंग असं त्यात टाकायचं. ते त्या सामग्रीच्या आधारे उत्तर देतं आणि प्रत्येक विधानापुढे क्रमांक ठेवतं. त्यावर बोट ठेवलं की मूळ ओळ समोर. वरच्या गाळागाळीनंतर मला या क्रमांकांचं मोल कळलं. आजीच्या वहीबद्दलच्या माझ्या अकरा नोट्स त्यात टाकल्या, तर तीच कल्पना मी तीनदा ‘नवीन’ म्हणून लिहिली होती. परत न उघडणाऱ्यांच्या पंथातल्या लोकांनी हे जरूर बघावं. मात्र आधी सामग्री गोळा करून टाकावी लागते, आणि तेवढा धीर एखाद्या रविवारीच येतो.

नोशन

नोट्स, याद्या, तक्ते एकाच ठिकाणी ठेवायचं अॅप. पण नमनाला घडाभर तेल. तक्ते, रंग, चिन्हं, टेम्प्लेटं. पसारा आवरण्याआधी कपाट बनवण्यातच महिना जातो, आणि तो महिना फार मजेत जातो हीच अडचण. ऑफिसात सगळे तेच वापरत असतील तर त्यातलं एआय उपयोगी आहे. एकट्याने नव्याने सुरू करू नका.

आणि वही

सुचल्या क्षणी पकडायला अजूनही कागदच मला सगळ्यांत वेगवान वाटतो. फोन उघडला की वाटेत व्हॉट्सअॅप लागतं. वहीची खोट एवढीच की पान उलटलं की विचार संपला. मी आता रात्री पानाचा फोटो काढून चॅटबॉटला देते आणि वरचा क्रमांकांचा टप्पा करून घेते. माझं अक्षर त्याला बऱ्याचदा लागतं. मला लागत नाही तेव्हाही.

पैसे भरायचेच असतील तर एकाच साधनाचे भरा, आणि महिन्याचे. वर्षाची वर्गणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. आपला उत्साह सरासरी तीन आठवडे टिकतो (हा आकडा फक्त माझ्या घरातला). पूर्वी घेतलेल्या एका अॅपचे पैसे माझ्या खात्यातून चौदा महिने कापले जात होते. ते अॅप गोष्टींची आठवण करून देण्यासाठी घेतलं होतं.