वायफाय कॅमेरा की डीव्हीआर?

मेव्हण्याचा किराणा दुकानासाठी प्रश्न: दोन वायफाय कॅमेरे घेऊ की चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर सेट (वायरने जोडलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच डब्यात)?

खर्चात वायफाय सरळ स्वस्त. स्क्रू मारला, प्लग लावला, झालं. डीव्हीआरला वायरिंग, हार्ड डिस्क, मजुरी आलीच.

खरी मेख रेकॉर्डिंगची. वायफायवाल्याचं मेमरी कार्ड बहुधा कॅमेऱ्यातच. चोराने कॅमेरा उपटला की पुरावाही गेला. डीव्हीआर हवेशीर कपाटात कुलूपबंद ठेवता येतो (गल्ल्याखाली नको, चोर आधी तिथेच हात घालतो). लाइट गेली की दोन्ही आंधळे, इन्व्हर्टर हवाच.

मेगापिक्सेलच्या जाहिराती सोडा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात गिऱ्हाइकाची टोपीच दिसते, चेहरा नाही.

भाड्याचा छोटा गाळा असेल तर वायफाय. स्वतःचं दुकान, मागे गोदाम, हाताखाली पोरं असतील तर डीव्हीआरच.