सेकंडहँड स्विच २ घेताय? पैसे देण्याआधी ई-शॉप उघडून बघा

पुण्यात सेकंडहँड निन्टेंडो स्विच २ या गेम कन्सोलच्या व्यवहारात फसवणूक साधारण अशी होते. नळ स्टॉपजवळच्या एखाद्या अमृततुल्यात भेट ठरते. विकणारा कन्सोल काढतो, गेमचं कार्ट्रिज घालून मारिओ कार्टची एक रेस खेळून दाखवतो. स्क्रीन चकाचक, जॉय-कॉन (बाजूचे कंट्रोलर) ठणठणीत. "इथं वायफाय नाहीये, घरी गेलात की अपडेट मारा," एवढं सांगून यूपीआयनं पैसे घेतो. घरी ई-शॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) उघडलं की एरर येतो : २१२४-४५०८. तोवर विकणाऱ्यानं नंबर ब्लॉक केलेला असतो.

हा कोड दिसला म्हणजे कन्सोल निन्टेंडोनं बॅन केलाय, त्याच्या ऑनलाइन सेवा बंद. बॅन अकाउंटवर नसतो, यंत्रावर असतो. त्यामुळे फॅक्टरी रिसेट मारा, नवं अकाउंट काढा, उपयोग शून्य. स्विच २ वर हे जास्तच महागात पडतं, कारण बऱ्याच गेम्स आता 'गेम-की कार्ड' असतात. कार्ट्रिजमध्ये फक्त किल्ली, गेम डाउनलोड करावी लागते. स्ट्रीट फायटर ६ तशीच आहे. सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण येते. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह असतं, तेवढं बघून घ्या.

स्विच २ ५ जून २०२५ ला आला आणि त्याच महिन्यात 'मिग फ्लॅश' घालणाऱ्यांचे कन्सोल बॅन होऊ लागले. हे फ्लॅश कार्ड म्हणजे जुन्या स्विचच्या गेम्सच्या कॉप्या चालवायचं कार्ट्रिज. मूळ कार्ट्रिजला स्वतःचं वेगळं डिजिटल सर्टिफिकेट असतं. तेच दोन ठिकाणी ऑनलाइन दिसलं की चोरी पकडली जाते. म्हणजे कुणी गेमची कॉपी काढून मूळ कार्ट्रिज तुम्हाला विकलं, तर तुमचा स्वच्छ कन्सोलही गोत्यात येऊ शकतो. जुनी कार्ट्रिजं घेताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. पुरावा दाखवल्यावर बॅन उठल्याचं उदाहरण आहे.

दुसरा सापळा 'जपानहून आणलाय, म्हणून स्वस्त' हा. जपानमध्ये दोन मॉडेल निघाली : ४९,९८० येनचं आणि ६९,९८० येनचं. स्वस्तातलं फक्त जपानी भाषेत चालतं, आणि त्याला देश जपान असलेलंच अकाउंट जोडता येतं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये भाषा इंग्रजी करून दाखवायला सांगा. मिनिटभराचं काम आहे.

बॅन तपासायला आपल्याच मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. नुसता जोडला गेला म्हणून भुलू नका, ई-शॉपमधून एखादा फुकट डेमो उतरवायला लावा. विकणाऱ्यानं अकाउंट काढून टाकलं असेल तर तुमचं जोडा. तो "नेट स्लो आहे" म्हणाला तर चहा संपवून निघा. पॅरेंटल कंट्रोलचा पिन राहिलाय का तेही बघा. सोबत 'फ्री' म्हणून साधं मायक्रोएसडी मेमरी कार्ड देत असेल तर त्याचे पैसे धरू नका. स्विच २ च्या गेम्स फक्त 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' या जास्त वेगवान कार्डावरच जातात.

फसलात तर एररचा फोटो, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक घेऊन पोलीस ठाणं गाठा; फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. आगाऊ पैसे घेऊन माणूस आलाच नसेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि बॅन लपवून तोच कन्सोल पुढे खपवायला गेलात, तर ३१८ तुमच्यावरही लागतं.