चेहऱ्यातली कळ: गोळी, सुई की ऑपरेशन?

दात घासताना, पहिला घास चावताना, सांगलीच्या आयर्विन पुलावर गाडीवर गार वारा लागला की गालात करंट बसल्यासारखी कळ, काही सेकंदांची, पण पुन्हा पुन्हा. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. बहुतेकांत मेंदूच्या तळाशी एखादी धमनी चेहऱ्याच्या नसेवर टेकून ठोके देत असते आणि नसेचं आवरण झिजतं. दुखतं मात्र दाढेत, म्हणून चांगल्या दाढा काढल्या जातात. एक काढूनही कळ तशीच असेल तर दुसरीला हात लावू देऊ नका. मिरजेला न्यूरोलॉजिस्ट गाठा.

सुरुवात गोळीनंच. कार्बामाझेपिन बहुतेकांना इतकी लागू पडते की निदानावरच शिक्कामोर्तब होतं. पण डोस वाढला की घेरी येते, झोप आवरत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

गोळी पुरेनाशी झाली की खरा प्रश्न येतो. ऑपरेशनमध्ये कानामागून कवटी थोडी उघडतात, धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. मूळ कारणच दूर होतं, नस शाबूत राहते. दहा वर्षांनीही सुमारे ७० टक्के लोक वेदनामुक्त असतात. धोका आहेच: त्या बाजूचं ऐकू कमी येणं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपणं, क्वचित पक्षाघात.

सुईच्या उपचारात कवटी उघडत नाहीत. गालातून सुई नसेपर्यंत नेऊन नस रेडिओफ्रिक्वेन्सीच्या विद्युतलहरींनी तापवतात किंवा बारीक फुग्यानं दाबतात. आराम लगेच, पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांत कळ परतू शकते. कपाळाकडची शाखा बधिर झाली तर डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही.

गॅमा नाईफ म्हणजे नसेवर बाहेरून नेमका किरणांचा मारा. त्याला चिरा नाही, पण गुण यायला आठवडे, कधी महिने जातात. घास गिळता येत नसलेल्याला एवढी वाट कशी बघायला सांगणार?

माझं मत विचाराल तर तब्येत धडधाकट आणि एमआरआयमध्ये धमनी नसेवर दाबताना स्पष्ट दिसत असेल, तर ऑपरेशन वर्षानुवर्षं टाळू नये. वय झालंय, हृदय नाजूक आहे, तर सुई बरी. चाळिशीच्या आत किंवा दोन्ही गालांत कळ असेल तर आधी मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार) नाही ना, हे बघावं लागतं.

तारीख घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: सर्जन ही शस्त्रक्रिया नेहमी करतात का, आणि महात्मा फुले योजनेत ती बसते का. दुसरं हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र सांगेल.